उठायला कारण हवं

आई ७८ वर्षांची असताना न्यूमोनिया होऊन १२ दिवस रुग्णालयात होती. घरी आली तेव्हा ताप गेला होता, छाती मोकळी झाली होती. पण खुर्चीतून उठताना ती दोन्ही हातांनी जोर लावायची, कोपरं थरथरायची, आणि अर्ध्यावर येऊन ती परत खाली बसायची. आजारपणाआधी हीच बाई पलंगाखाली वाकून केर काढत होती. १२ दिवसांत पायांतलं बळ गेलं कुठे, आम्हाला कळेना. प्रेमाची माणसं जे करतात तेच आम्ही केलं. पाणी हातात, चष्मा हातात, ती उठायच्या आत तिच्या काखेत कुणाचा तरी हात. "तू बस गं, मी देते" हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा उच्चारलं जात होतं याची गणती नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायामाच्या चित्रांचा एक कागद दिला होता. हात न टेकता खुर्चीतून १० वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर १० आकडे मोजेपर्यंत उभं राहणं. तो कागद आम्ही कपाटाच्या दाराला चिकटवला. तीन आठवडे तो तिथेच होता आणि आई खुर्चीतच. आधी ती "करते" म्हणायची, मग "आज अंगात त्राणच नाही", आणि शेवटी "या वयात आता कशाला?" आम्ही समजावलं, रागावलो, भीती घातली. एकदा मी म्हणून गेले, "मग काय, अंथरुणाला खिळायचंय का?" तिने भिंतीकडे तोंड केलं. त्या वाक्याची खंत मला अजून आहे.

मग मावशी पडली. आईची धाकटी बहीण, आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारी. मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलं. फोनवर ती आईला म्हणाली, "बाकी सगळं जमतं गं, वेणी तेवढी एका हाताने घालता येत नाही." आईने फोन ठेवला, थोडा वेळ गप्प बसली आणि मला विचारलं, "त्या कागदात जिन्यासाठी काय दिलंय?"

वयस्क माणसांच्या व्यायामाबद्दल मी गेली काही वर्षं जे वाचलं, ऐकलं आणि पाहिलं, त्या सगळ्यापेक्षा या एका प्रश्नाने मला जास्त शिकवलं. म्हातारपणी माणसाला प्रेरणा उरत नाही असं आपण सहज म्हणतो, जणू ती दिव्यातल्या तेलासारखी वयाबरोबर संपत जाते. माझं म्हणणं वेगळं आहे. इच्छा आतून आटत नाही. उठण्याची कारणं बाहेरून एकेक करून काढून घेतली जातात. नोकरी सुटते, मुलं मोठी होतात, घरातली कामं दुसऱ्यांच्या हातात जातात. "आता आराम करा" हे आपल्याकडून दिलेलं बक्षीस असतं. आणि मग त्याच माणसाला आपण विचारतो, तुम्ही हालचाल का करत नाही?

शरीराच्या बाजूने पाहिलं तर हा आराम किती महाग पडतो याचा पुरावा जुना आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे २० वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. जोराचे श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं हे त्याआधी आणि नंतर मोजलं. ३० वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा मोजमाप झालं. तीन दशकांच्या वयाने त्यांची श्रमशक्ती जितकी उतरली होती, त्याहून जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने उतरली होती. त्यानंतर सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केल्यावर त्यांची ती क्षमता सरासरीने पुन्हा विशीतल्या पातळीवर आली. पाचच माणसं होती, आणि पन्नाशी म्हणजे ऐंशी नव्हे, हे मान्य. पण आपण ज्याला सरसकट "वय झालं" म्हणतो, त्यातला बराच भाग "बसून राहिलो" या सदरात जातो, हे त्यातून स्वच्छ दिसतं. आईच्या १२ दिवसांचं कोडं मला तिथे उलगडलं.

वय खरोखर काही घेऊन जात नाही असं मी म्हणत नाही. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायूंच्या या झिजेला १९८९ साली 'सार्कोपेनिया' असं नाव मिळालं, तोवर ती नुसती म्हातारपणाची खूण समजली जात होती. नाव मिळाल्यावर निदान उपायाची भाषा सुरू झाली. १९९० साली मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमात राहणारी, अशक्त, सरासरी वय ९० असलेली १० माणसं. आणि त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा चांगला कस लागणारा व्यायाम. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! यातली सगळी वाढ स्नायू जाड झाल्याने झालेली नसते. सुरुवातीचा मोठा वाटा मज्जातंतूंचा असतो. स्नायूंतले जे तंतू वापराअभावी निजलेले असतात, त्यांना हाक मारायला मेंदू पुन्हा शिकतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच फरक जाणवतो, आणि म्हणूनच "आता काय उपयोग" हे वाक्य शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

मग माहिती आहे, पुरावा आहे, तरी माणसं उठत का नाहीत? कारण आपण त्यांच्याशी दोनच भाषांत बोलतो, एक भीतीची आणि दुसरी चमत्काराची.

भीतीची भाषा मी स्वतः वापरली आहे. पडाल, मोडाल, साखर वाढेल, परस्वाधीन व्हाल. धोका खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढची सर्वांत जास्त. पण पडण्याच्या भीतीचं एक दुष्टचक्र असतं. घाबरलेलं माणूस कमी हलतं, कमी हलल्याने पाय आणखी कच्चे होतात, तोल जातो, आणि ज्याची भीती होती तेच घडतं. भीती घालून आपण त्या चक्रालाच जोर देतो.

चमत्काराची भाषा दिसायला गोड आहे. रोबेर मार्शां नावाच्या फ्रेंच सायकलपटूने २०१७ साली वयाच्या १०५व्या वर्षी एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापलं. असे व्हिडिओ आपण आई-वडिलांना कौतुकाने पाठवतो. गोष्ट खरी आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्यातून कळ येणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसाला ती दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावरची वाटते. तो माणूस मार्शांशी स्वतःची तुलना करतो आणि खुर्चीत आणखी खोल बसतो. मार्शांच्या गोष्टीतला खरा उपयोगी भाग आपण सांगतच नाही. १०१ ते १०३ या दोन वर्षांत सरावाची पद्धत बदलल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली होती, आणि त्या सरावातला बहुतांश वेळ सावकाश, दम न लागता चालवण्याचा होता. विक्रम प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. सावकाश वाढ मात्र बहुतेकांच्या वाट्याला येऊ शकते.

रोजच्या १०,००० पावलांचंही तसंच आहे. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून ठरलेला नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मोजमाप' असा होता, आणि आकडा जगभर पसरला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षं वयाच्या जवळजवळ १७ हजार स्त्रियांच्या पाहणीत असं दिसलं, की दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसत नव्हता. म्हणजे रोज ४,००० पावलं चालणारी आजी, जी मनगटावरच्या यंत्राकडे पाहून "आजही नाही झालं" म्हणत खंतावते, तिने खरं तर मोठा पल्ला मारलेला असतो. चुकीचा आकडा हाती देऊन आपण तिला रोज संध्याकाळी नापास करतो. नापास होणाऱ्या मुलाला शाळा नकोशी होते. मग सत्तरीच्या बाईने उमेद कुठून आणायची?

चालण्याबद्दल आणखी एक गोष्ट, कारण साठीनंतरचा व्यायाम म्हणजे फिरायला जाणं असं समीकरण पक्कं बसलं आहे. फिरणं उत्तमच. पण खुर्चीतून उठायला, जिना चढायला, ठेच लागली तर सावरायला जे लागतं ते नुसत्या फिरण्याने पुरेसं मिळत नाही. त्यासाठी ताकद आणि तोल लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आहेच, पण ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारी हालचालही सांगितली आहे. हा दुसरा भाग लोकांपर्यंत पोचलेलाच नाही. उलट "जड उचलू नका, जिने चढू नका" हा सल्ला सर्रास दिला जातो. काही आजारांत तो योग्य असतो. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. पण काय करू नका हे सांगणाऱ्याने काय करा, किती करा आणि कसं वाढवत न्या हेही सांगायला हवं. नुसती मनाई घेऊन घरी आलेलं माणूस पलंग सोडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे परत येते. कारण कुठून येतं?

माझ्या मते बहुतेक वेळा ते दुसऱ्या माणसाकडून येतं. कुणीतरी वाट पाहत असतं म्हणून आपण चपला घालतो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात साधासा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी आणि तुमचा वेळ यांचे निर्णय तुम्ही घ्या, आणि हे रोप घ्या, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हालती-फिरती दिसली. रोपं दोन्हीकडे होती, जबाबदारी एकीकडेच होती. हे वाचताना मला आमचं घर दिसत होतं. आम्ही आईला रोप देऊन पाणी घालायचं काम काढून घेतलं होतं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत ७० ते ८९ वयाच्या, बैठ्या सवयीच्या १,६३५ माणसांचे दोन गट केले होते. एका गटाला आरोग्याविषयी व्याख्यानं मिळाली. दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा केंद्रावर येऊन एकत्र आणि बाकी दिवस घरी असा चालण्याचा, ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणारे व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के निघाले, व्यायामाच्या गटात ३०.१. फरक डोळे दिपवणारा नाही. पण हे चारशे मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणं, मैत्रिणीच्या दारापर्यंत पोचणं. शंभरातल्या पाच जणांचं ते टिकलं, तर त्या पाच घरांतलं सगळं आयुष्य वेगळं होतं. आणि ते टिकलं ते ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी, एकमेकांच्या सोबतीने केलेल्या मेहनतीने.

इच्छा आधी आणि कृती मागून, हा क्रमही मला चुकीचा वाटतो. उत्साह येईल तेव्हा सुरू करू म्हणणारे वाट पाहत राहतात. दोन पायऱ्या चढून गेल्यावर तिसरीची हिंमत येते. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. म्हणून महिनाभरात जमलं नाही तर आपल्यात काही कमी आहे असं मानू नये. ओट्याशी उभं असताना टाचा उचलणं, फोनवर बोलताना उभं राहणं, असं आधीच्या कामाला नवं काम जोडलं की ते लवकर रुळतं.

इथे एक आक्षेप मी मनापासून ऐकते. ज्या माणसाने चाळीस वर्षं ओझी वाहिली, शेतात वाकून काम केलं, दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली, त्याला साठीत व्यायामाचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? त्याच्या शरीराला विश्रांतीचा हक्क आहे. कष्टाचं काम आणि व्यायाम एक नाहीत. कामात गती आणि ओझं दुसरं कुणी ठरवतं, व्यायामात ते आपल्या हातात असतं. अशा झिजलेल्या शरीरासाठी आधी वेदनेवर उपचार हवेत. आणि सगळं ऐकून, समजून जर कुणी "मला नको" म्हणालं, तर तोही त्याचा निर्णय आहे. पिच्छा पुरवल्याने कुणी उठत नाही, माझ्या त्या वाक्याने आई उठली नव्हती.

पण निर्णय खरोखर त्याचा असायचा तर बाहेर पडणं शक्य तरी असायला हवं. हा प्रश्न घरापुरता नाही, सार्वजनिक आहे, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. फुटके फूटपाथ, गुडघ्याएवढे उंच कठडे, अंधारे कोपरे, स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी न पिता बाहेर पडणारे वृद्ध. रस्ता ओलांडण्याच्या दिव्याची वेळ अनेक देशांत सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस गृहीत धरून ठरवली जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांच्या पाहणीत बहुतेकांची चाल त्याहून मंद निघाली. मधोमध अडकण्याची धास्ती असलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर पडत नाही, आणि आपण त्याच्या प्रेरणेचा शोध घेत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलून २००७ साली वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, तिच्यातही बसायची जागा आणि स्वच्छतागृह या अगदी साध्या गोष्टी आहेत.

बाकाचं महत्त्व मला आईच्या जिन्यावर कळलं. पहिल्या दिवशी ती चार पायऱ्या चढून परत आली. पाचव्या दिवशी नऊ. मधल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी न सांगता त्यांच्या दाराबाहेर एक खुर्ची ठेवली. त्या दिवशी ती खुर्चीपर्यंत गेली, बसली, श्वास घेतला आणि खाली आली. थांबता येईल एवढी खात्री मिळाली की माणूस दुप्पट चालतो. एका बाकाचा खर्च गुडघ्याच्या एका शस्त्रक्रियेच्या तुलनेत काहीच नाही. नगरपालिकांनी दर दोनशे पावलांवर एक टेकायची जागा करावी, ही मागणी मला कुठल्याही जाहीरनाम्यात पाहायला आवडेल.

कागदावरचे व्यायाम आता ती स्वतःहून करत होती. उठणं-बसणं आधी तीनदा, मग पाचदा. मी धावत गेले तर हाताने मला दूर करायची. ३४ पायऱ्या होत्या. २६व्या दिवशी ती मावशीच्या दारात पोचली, कंगवा ओच्यात खोचून. त्यानंतर रोज सकाळी वेणी घालायला जाऊ लागली.

मावशीचं प्लॅस्टर निघून दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मी सकाळीच काही निरोप द्यायला वर गेले. मावशी आरशासमोर उभी होती, दोन्ही हात मानेमागे, वेणीचे पेड सफाईने पडत होते. मला पाहून थबकली. "आई म्हणते तुझा हात अजून दुखतो," मी म्हणाले. तिने काही उत्तर दिलं नाही. खाली दार वाजलं. मग जिन्यावर पावलं, एकेक, सावकाश. मधल्या मजल्यावर थांबली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सुरू झाली. मावशीने घाईघाईने सगळे पेड सोडले, केस पाठीवर मोकळे केले आणि दाराकडे पाठ करून बसली.